हिरवी रिंग म्हणजे चांगली रिंग, असं कोण म्हणालं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. गाडी १९८९ ची प्रीमियर ११८ एनई. ए.सी. कंपनीचा नाही, त्या काळी बाहेरून बसवून घेतलेला. कॉम्प्रेसर सँडेन एसडी ५०८. आठ-नऊ वर्षं ए.सी. बंद होता. मेकॅनिकने गॅस भरला, पहिल्या दिवशी मस्त गार आणि तिसऱ्या दिवशी नुसता पंखा. आता तो म्हणतोय सगळ्या ओरिंगा (जॉइंटमधल्या रबरी रिंगा) बदलू, आणि त्यासाठी बाजारातून हिरव्या रिंगांचा मिक्स डबा घेऊन आलाय. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: हा डबा चालेल का, जे जॉइंट गळत नाहीत तेही उघडायचे का, आणि जॉइंटवर टेफ्लॉन टेप मारायचा त्याचा हट्ट बरोबर आहे का.

टेपचं लगेच उरकतो. मारायचा नाही. ए.सी.च्या जॉइंटमध्ये आट्यांचं काम गळती थांबवायचं नसतं, दोन तोंडं एकमेकांवर दाबून धरायचं असतं. टेपने आटे जाड होतात, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि आतली रिंग मात्र नीट चेपलेलीच नसते. वर टेपची एखादी चिंधी सुटली की ती एक्स्पान्शन व्हॉल्वच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा व्हॉल्व) जाळीत जाऊन बसते. गॅस्केट पेस्ट आणि सिलिकॉन यांनाही हेच लागू.

डब्याचं मात्र सावकाश सांगतो, कारण तुमचे पैसे तिथेच वाचतील किंवा बुडतील.

हिरवा रंग हा नियम नाही, रिवाज आहे. नव्वदच्या दशकात गाड्यांचे ए.सी. जुन्या आर-१२ गॅसवरून १३४ए गॅसवर गेले, तेव्हा एचएनबीआर नावाच्या सुधारित नायट्राइल रबराच्या रिंगा हिरव्या रंगात मिळू लागल्या आणि डोक्यात बसलं की हिरवी म्हणजे १३४ए ची. तसंच निळी म्हणजे निओप्रीन रबराची. पण रंग म्हणजे रबरात कालवलेली भुकटी. साध्या नायट्राइलमध्ये हिरवी भुकटी टाकायला कोणाची बंदी नाही, आणि उलट अस्सल एचएनबीआर काळ्या रंगातही येतं. तेव्हा रंगाकडे बघून रिंग निवडणं म्हणजे शर्टाच्या रंगावरून माणसाचा रक्तगट सांगणं.

रिंग कसली हवी हे ठरतं आत कोणता गॅस आणि कोणतं तेल फिरणार त्यावरून, आणि त्यातही तेलावरून जास्त. तुमचा सेट मुळात आर-१२ आणि मिनरल तेलाचा. भारतात आर-१२ सारख्या सीएफसी गॅसचं उत्पादन २००८ मध्येच थांबलं. त्यामुळे आज कोणी 'ओरिजिनल आर-१२ आहे आपल्याकडे' म्हणत असेल तर सिलिंडरमध्ये खरं काय आहे हे विचारा. बरेचदा तो एलपीजीचाच भाऊ असतो. गार छान करतो, पण जळतो, आणि तुमची कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली, म्हणजे तुमच्या गुडघ्यापाशी आहे. तसला गॅस माझ्याकडे आलेल्या गाडीत मी भरत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

म्हणजे व्यवहारात तुमच्यापुढे १३४ए हाच रस्ता आहे. १३४ए मिनरल तेलात मिसळत नाही. तेल कॉइलच्या तळाशी पडून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. म्हणून पॅग किंवा एस्टर ही कृत्रिम तेलं. जुन्या सेटमधलं मिनरल तेल कितीही काढलं तरी थोडं राहतंच, आणि एस्टर तेल ते सांभाळून घेतं. तुमच्या गाडीत मी एस्टर टाकेन. म्हणजे तुमच्या रिंगेला १३४ए झेपला पाहिजे, एस्टर झेपलं पाहिजे आणि उरलेलं मिनरल तेलही झेपलं पाहिजे. या तिघांना पुरून उरणारं, सहज मिळणारं रबर म्हणजे एचएनबीआर. निओप्रीनही चालतं. साधं नायट्राइल १३४ए मध्ये लगेच विरघळणार वगैरे नाही, पण उष्णतेने ते लवकर कडक होतं. कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या डिस्चार्ज नळीला चालू ए.सी.त हात टेकवता येत नाही. तिथे साध्या नायट्राइलची रिंग दोन-तीन उन्हाळ्यांत काचेच्या बांगडीसारखी तुकडे होऊन हातात येते.

व्हायटॉन नावाच्या रबराबद्दल हमखास विचारतात. महाग आहे, इंजिनात उत्तम आहे, मग इथे का नको? कारण १३४ए मध्ये ते फुगतं आणि त्याच्यावर फोड येतात. महाग ते चांगलं हा हिशेब इथे चालत नाही. सिलिकॉनही नको, त्यातून गॅस झिरपतो.

आणि ईपीडीएम, म्हणजे ब्रेकच्या रिंगांचं रबर. याचं नाव घेताना अजून माझे कान लाल होतात. धंद्यात पडून चार-पाच वर्षं झाली असतील, एका कॉन्टेसाचं काम होतं. संध्याकाळची घाई, हव्या त्या मापाची रिंग नव्हती, शेजारच्या ब्रेकवाल्याकडून काळी रिंग आणली. माप अगदी तंतोतंत. तिसऱ्या आठवड्यात गाडी परत. नट उघडला तर रिंग खाचेतून बाहेर येऊन आट्यांवर चढलेली, मऊ, शेवयांसारखी लांबलेली. ब्रेक ऑइलमध्ये ईपीडीएम वर्षानुवर्षं टिकतं, पण मिनरल तेल लागलं की ते पितं आणि फुगतं. पॅग आणि एस्टरमध्ये ते बरं वागतं, काही नव्या गाड्यांत असतंही. पण जुन्या गाडीत, जिथे मिनरल तेलाचा अंश राहणारच, तिथे नाही म्हणजे नाही. गॅस, तेल आणि दोन दिवसांची मजुरी मी माझ्या खिशातून भरली.

तेव्हापासून एक खोड लागली. अनोळखी रिंगा आल्या की त्यातली एक चहाच्या ग्लासात रॉकेल किंवा मिनरल तेल घेऊन रात्रभर बुडवून ठेवतो, शेजारी तसलीच एक कोरडी. सकाळी दोन्ही टेबलावर ठेवायच्या. ईपीडीएम असेल तर मोजपट्टी लागत नाही, बुडवलेली रिंग नुसत्या डोळ्यांना मोठी दिसते. मात्र या ग्लासातून साधं नायट्राइल आणि एचएनबीआर यांतला फरक कळत नाही, दोघंही शांत बसतात. तो फरक कळायला एकच मार्ग: बंद पाकिटातली रिंग, पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, रबराचा प्रकार आणि माप छापलेलं. दुकानाच्या तोंडाशी खिळ्याला लटकवलेल्या रिंगांच्या माळा घेऊ नका. नायट्राइलला ऊन आणि हवेतला ओझोन सोसत नाही. रिंग बोटांत धरून ताणली आणि बाहेरच्या कडेला केसासारख्या भेगा दिसल्या, तर ती नवी असूनही म्हातारी आहे.

आता माप. मिक्स डब्याचा खरा घोळ इथे आहे, आणि मेकॅनिक मंडळी याच ठिकाणी सगळ्यात जास्त घाई करतात.

जुनी रिंग काढून तिच्यासारखी शोधायची, ही पद्धत चुकीची आहे. तीस वर्षं दाबली गेलेली रिंग गोल राहत नाही. तिचा काप घेतलात तर इंग्रजी 'डी' अक्षरासारखा दिसेल, एका बाजूने सपाट. तिची जाडी मोजाल तर कमीच येणार, आणि त्या मापाची नवी रिंग घ्याल तर ती सैल बसणार. वर ती रिंगही मूळचीच आहे कशावरून? मधल्या काळात कोणीतरी हाताला आली ती टाकलेली असू शकते. कंपनीच्या ए.सी.ला पार्ट नंबर तरी असतो. बाहेरून बसवलेल्या सेटमध्ये जपानी कॉम्प्रेसर, कुठली तरी कॉइल आणि स्थानिक वळवलेल्या नळ्या एकत्र असतात, त्यामुळे एकाच गाडीत इंची आणि मिलिमीटरच्या रिंगा शेजारी शेजारी सापडतात.

म्हणून मोजायची ती खाच. व्हर्नियर घ्या. रिंग ज्यावर चढते त्या तोंडाचा व्यास, खाचेची रुंदी, आणि जॉइंट बंद झाल्यावर रिंगेला उरणारी खोली. समजा खोली १.३५ मिलिमीटर आणि रुंदी २.४ आली. बाजारात तुम्हाला या जाड्या मिळतील: १.५, १.७८, १.९ आणि २.०. १.७८ ही अमेरिकी इंची मापाची, १.९ ही जपानी. नुसत्या डोळ्यांना या दोघींत फरक दिसत नाही, ०.१२ मिलिमीटर म्हणजे जाडसर कागदाइतका. पण खाचेला तो कळतो.

१.७८ ची रिंग १.३५ च्या जागेत बसली की तिचा सुमारे २४ टक्के भाग चेपला जातो. अशा स्थिर जॉइंटला साधारण १५ ते ३० टक्के चेप चांगला, तेव्हा हे उत्तम. १.५ ची टाकली तर चेप १० टक्के. पावसाळ्यात धरेल, डिसेंबरच्या पहाटे रबर आखडलं की सोडेल. १.९ ची टाकली तर चेप २९ टक्के, म्हणजे काठावर. पण नुसता चेप पाहून भागत नाही. रबर दाबलं म्हणून कमी होत नाही, ते फक्त दुसरीकडे सरकतं. खाचेचं क्षेत्रफळ १.३५ गुणिले २.४, म्हणजे ३.२४ चौरस मिलिमीटर. १.७८ च्या रिंगेचा काप २.४९, म्हणजे खाच ७७ टक्के भरली. १.९ चा २.८४, म्हणजे ८८ टक्के. २.० चा ३.१४, म्हणजे ९७ टक्के. तेल आणि गॅस पिऊन प्रत्येक रिंग थोडी फुगतेच, तिला जागा हवी. मी ८५ टक्क्यांच्या वर जात नाही. २.० वाली रिंग पहिल्या दिवशी सगळ्यात घट्ट वाटेल, मेकॅनिक खूश होऊन सांगेल 'बघा कशी टाइट बसली', आणि महिन्याभरात नटाच्या धारेखाली येऊन कापली जाईल.

आतला व्यास तोंडापेक्षा किंचित कमी घ्यायचा, म्हणजे रिंग हलकी ताणून बसते आणि जोडताना घसरत नाही. तोंड ९.५ मिलिमीटर असेल तर ९.२५ ची रिंग सुमारे पावणेतीन टक्के ताणली जाईल, ते ठीक. पाच टक्क्यांपुढे ताण गेला की रिंग बारीकही होते आणि लवकर फाटतेही. उलट ९.८ ची जपानी रिंग त्याच तोंडावर सैल लोंबेल आणि नट फिरवताना अर्धी खाचेबाहेर येईल. बाहेरून दिसणार काहीच नाही.

कडकपणा ७० ते ८० शोअर (रबराचा कडकपणा मोजायचं माप). पाकिटावर लिहिलेला असतो. जास्त कडक म्हणजे जास्त मजबूत नव्हे. ९० ची रिंग ॲल्युमिनियमच्या जुन्या, खडबडीत झालेल्या तोंडाशी जुळवून घेत नाही.

एक मोठी शक्यता अशी की तुमच्या बऱ्याच जॉइंटमध्ये रिंग नाहीच. त्या काळच्या बाहेरून बसवलेल्या सेटमध्ये फ्लेअर जॉइंट भरपूर असायचे: तांब्याच्या नळीचं तोंड ४५ अंशात फुलवलेलं आणि समोर तसाच उतार. धातूवर धातू. तिथे रिंग घुसवायची नाही. फुललेल्या तोंडावर चीर किंवा ओरखडा असेल तर नळी कापून तोंड नव्याने फुलवायचं, नाहीतर फ्लेअरसाठी मिळणारी तांब्याची टोपी-वॉशर टाकायची. नट उघडल्यावर आधी एवढंच बघा: खाच आहे की उतार. 'सगळ्या ओरिंगा बदलू' म्हणणाऱ्या माणसाने हे मोजलेलं नसतं.

दुसरा प्रश्न, न गळणारे जॉइंट उघडायचे का. चालू असलेल्या आर-१२ च्या गाडीत नुसता गॅस बदलायचा असता तर मी म्हटलं असतं, हात लावू नका. जुनं रबर वर्षानुवर्षं गॅस आणि तेल पिऊन फुगून बसलेलं असतं, ते जागच्या जागी धरून ठेवतं. पण तुमची गाडी आठ-नऊ वर्षं कोरडी पडलीय. प्यायलेला गॅस निघून गेला, रबर आक्रसलं, कडक झालं. म्हणून तर तीन दिवस धरलं आणि सोडलं. अशा गाडीत आज तीन जॉइंट केले तर पुढच्या महिन्यात चौथा बोलतो. सगळे करा. त्यातही कूलिंग कॉइल खाली उतरवून एक्स्पान्शन व्हॉल्वचे जॉइंट करा, कारण डॅशबोर्ड परत उघडायचा कंटाळा तुम्हालाही येईल आणि त्यालाही. आणखी एक कारण: ६० अंशांना आर-१२ चा दाब सुमारे १५.३ बार असतो, १३४ए चा सुमारे १६.८. नाशिकच्या मे महिन्यात, ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचा कंडेन्सर (गरम गॅस थंड करणारी पुढची जाळी) तिथे सहज पोचतो. जुन्या जॉइंटना हा वरचा दीड बार नवा आहे.

ड्रायर बॉटल नवीनच, १३४ए साठीची. जुन्या बॉटलमधले ओल शोषणारे दाणे आर-१२ च्या काळचे आहेत, १३४ए आणि नव्या तेलात ते टिकत नाहीत. रबरी होज मूळचे असतील तर तेही बघा. त्यांना आतून नायलॉनचं अस्तर नसतं आणि १३४ए चा रेणू लहान, तो भिंतीतून झिरपतो. सगळ्या रिंगा उत्तम असूनही वर्षाला गॅस कमी होत असेल तर दोष होजचा असतो आणि शिव्या रिंगेला बसतात. सर्व्हिस व्हॉल्वच्या पिना आणि टोप्याही बदला, दहा-वीस रुपयांची वस्तू हजारोंचा गॅस सोडते.

कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील (फिरत्या दांड्याभोवतीचं सील) ही वेगळी गोष्ट आहे, ते ओरिंगांच्या डब्यातून येत नाही. क्लचच्या मागे, कॉम्प्रेसरच्या नाकाखाली तेलकट धूळ जमली असेल तर सील गेलंय. जुन्या ५०८ मध्ये कार्बनचं तोंड आणि त्याच्यासमोर घासून आरसा केलेली चकती असते. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की मधली तेलाची फिल्म वाळते, आणि पहिल्याच फेऱ्यात तोंड ओरखडतं. त्याचा किट कॉम्प्रेसरच्या मॉडेलप्रमाणेच घ्या आणि बसवताना त्या तोंडाला बोट लावू देऊ नका. सील, आतल्या रिंगा आणि हेड गॅस्केट धरून खर्च खूप होत असेल तर १३४ए साठीचा त्याच क्षमतेचा एसडी ५एच१४ शोधा. दोन्ही एका फेऱ्यात १३८ सीसीच ढकलतात. ऑर्डर देण्याआधी मागचं हेड आणि त्याची तोंडं मात्र जुळवून पाहा, ती वेगवेगळी येतात.

बसवताना: खाचेतली पांढरी भुकटी नायलॉनच्या घासणीने गोल फिरवत काढा, पॉलिश पेपर आडवा मारू नका. आडवा ओरखडा म्हणजे गॅससाठी बोगदा. रिंगेला बसवण्याआधी मिनरल तेलाचा थेंब लावा, पॅगचा नको. पॅग हवेतली ओल ओढतं आणि आटे गंजतात. (रिंग ईपीडीएमची असेल तर हा सल्ला उलटतो, म्हणून ती खात्री आधी.) रिंग खाचेत बसवायला स्क्रू ड्रायव्हर नको, बोट पुरे. नट हाताने शेवटपर्यंत यायला हवा, अर्ध्यात अडला तर सोडून पुन्हा लावा. मग दोन पाने: एकाने नळी धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एका पान्याने घट्ट केलेल्या जॉइंटमध्ये ॲल्युमिनियमची नळी पिळली जाते आणि रिंगही.

तपासणी नायट्रोजनने करा, दीडशे पीएसआय आणि साबणाचं पाणी, मग रात्रभर गेजवर लक्ष. नुसतं व्हॅक्यूम धरलं म्हणून टाळी वाजवू नका. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा रिंगेला आत ढकलते, तेही फक्त एका बारने, चालू ए.सी.त ढकलणं उलट्या बाजूने आणि पंधरा-सोळा पट. तुमच्याकडचे कोणी जुने उस्ताद ज्योतीचा दिवा घेऊन गळती शोधायला आले तर त्यांना चहा पाजा आणि दिवा ठेवून द्यायला सांगा. ती ज्योत हिरवी व्हायची ती आर-१२ मधल्या क्लोरीनमुळे. १३४ए मध्ये क्लोरीन नाही, ज्योत आहे तशीच राहते. नायट्रोजन टिकला की मग अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम आणि गॅस वजनावर, जुन्या आर-१२ च्या भारापेक्षा दहा-पंधरा टक्के कमीपासून सुरुवात. चालू करण्याआधी क्लचची चकती हाताने दहा फेरे फिरवा, म्हणजे शाफ्ट सीलपर्यंत तेल पोचेल.

तो डबा परत करता आला तर करा. नसेल तर तोंडाचा व्यास, खाचेची खोली आणि रुंदी अशी तीन मापं प्रत्येक जॉइंटची कागदावर घ्या आणि मला कळवा. डब्यातल्या कोणत्या रिंगा बसतील तेही सांगतो, मात्र त्यातली एक आज रात्री ग्लासात टाकून ठेवा.